प्रदेशाला नाव देणारा मूळपुरुष: ग्रीक पुराणकथांतली नोंद बिनचूक कशी करावी

"आर्काडिया हे राज्य आर्कासने स्थापन केले." असे वाक्य मराठीत वारंवार वाचायला मिळते आणि वाचताना त्यात काही वावगे वाटत नाही. पण ते चूक आहे. पाउसानियास हा प्रवासी-लेखक सांगतो की आर्कासच्या आधी तिथे लोक होते, राजे होते, प्रदेशाला पेलास्गिया हे नावही होते. निक्टिमस राजा वारल्यावर गादी आर्कासकडे आली. त्याने लोकांना धान्य पेरायला, भाकरी करायला, कापड विणायला शिकवले आणि मग प्रदेशाचे नाव बदलले. म्हणजे आर्कासने नाव दिले, राज्य स्थापन केले नाही.

अशा चुका अज्ञानापोटी होत नाहीत. कामाचा क्रम उलटा झाला की त्या होतात. बहुतेकजण आधी इंटरनेटवरून तयार वंशवृक्ष उचलतात, मग नावाचा अर्थ शोधतात आणि मूळ उतारा शेवटी पाहतात, किंवा पाहतच नाहीत. ज्यांना लेख, कोशातली नोंद, प्रश्नमंजुषा किंवा वर्गातला पाठ तयार करायचा आहे, त्यांच्यासाठी योग्य क्रम खाली देतो.

आधीची तयारी

एक वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने असे ठेवा: ठिकाण, ते काय आहे (प्रदेश, शहर, नदी, डोंगर, लोक), जुने नाव, नाव देणारी व्यक्ती, आई, वडील, जोडीदार, हे कोण सांगतो, कोणत्या खंडात-प्रकरणात, आणि सांगणारा कोणत्या काळातला. शेवटचे तीन रकाने रिकामे ठेवायचे नाहीत. ते भरता येत नसतील तर ती ओळ लेखात घेऊ नका.

ग्रंथ चार-पाच पुरतात. होमरचे महाकाव्य इलियड, प्राचीन कवी हेसिअडच्या नावावर असलेली 'स्त्रियांची यादी', जी आज तुकड्यांतच उरली आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस, अपोलोडोरसच्या नावाने चालणारा पुराणकथांचा संग्रह, आणि इ.स. दुसऱ्या शतकातला पाउसानियास. या सगळ्यांची जुनी इंग्रजी भाषांतरे हक्कमुक्त आहेत आणि फुकट वाचता येतात.

पाउसानियासचे दहा खंड प्रदेशवार लावलेले आहेत, त्यामुळे शोध सोपा होतो. पहिला अ‍ॅटिकाचा, दुसरा कॉरिंथ आणि अर्गोसकडचा, तिसरा लाकोनिया, चौथा मेसेनिया, पाचवा-सहावा एलिस, सातवा अखाइया, आठवा आर्काडिया, नववा बिओशिया, दहावा फोकिस. बऱ्याच खंडांत पहिल्या काही प्रकरणांतच त्या प्रदेशाचे नाव कुणावरून पडले ते येते. ग्रीसचा नकाशाही शेजारी उघडा ठेवा.

टप्पा १: नाव नेमके कशाचे आहे ते ठरवा

प्रदेश, शहर, लोक आणि राजघराणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांचे मूळपुरुष वेगळे असू शकतात.

लाकेडायमॉनचेच, म्हणजे स्पार्टाच्या प्रदेशाचेच, पाहा. पाउसानियासच्या तिसऱ्या खंडाचे पहिले प्रकरण उघडा. लेलेक्स हा तिथला पहिला राजा, जमिनीतूनच उपजलेला. त्याच्यावरून लोकांना लेलेगेस म्हणू लागले. त्याचा मुलगा मिलेस आणि नातू युरोटास. या युरोटासने सखल भागात साचलेले दलदलीचे पाणी चर खणून समुद्राकडे काढून दिले आणि जो प्रवाह वाहता राहिला त्याला आपले नाव दिले. युरोटासला मुलगा नव्हता. त्याने राज्य लाकेडायमॉनला दिले. हा झ्यूसचा मुलगा, त्याची आई टाइगेटे, आणि तिच्या नावाचा डोंगर नदीच्या पश्चिमेला उभाच आहे. लाकेडायमॉनने देशाला स्वतःचे नाव दिले आणि नवे शहर वसवून त्याला बायकोचे, म्हणजे युरोटासच्या मुलीचे, नाव दिले: स्पार्टा. मुलगा अमिक्लास, त्याच्यावरून अमिक्लाई गाव.

एका कुटुंबात लोक, नदी, डोंगर, देश, शहर आणि गाव असा सगळा नकाशा बसला. आता "स्पार्टाचा संस्थापक कोण?" या प्रश्नाचे उत्तर "स्पार्टा नावाची राजकन्या" असे लिहिले तर ते चुकते. शहर वसवले लाकेडायमॉनने, नाव स्पार्टाचे.

थीब्जच्या बाबतीत हीच चूक सर्रास होते. शहर वसवले कॅडमसने, आणि त्याचे नाव बालेकिल्ल्याला राहिले, कॅडमेया. 'थीब्ज' हे नाव मात्र अपोलोडोरसच्या म्हणण्याप्रमाणे झेथॉसची बायको थेबे हिच्यावरून पडले, आणि ते कॅडमसनंतर काही पिढ्यांनी.

*सावधान:* ऐतिहासिक वसाहतींचे संस्थापक या यादीत आणू नका. कॉरिंथहून गेलेल्या आर्खियासने सिराक्यूज वसवले, पण शहराला त्याचे नाव नाही. तसेच अथेन्समधले दहा 'नामदाते वीर' हाही निराळा विषय आहे. क्लेइस्थेनिसच्या सुधारणांच्या वेळी, इ.स.पू. ५०८-५०७ च्या सुमारास, शंभर नावांतून डेल्फीच्या पुजारिणीने ते दहा निवडले, आणि त्यांची नावे नागरिकांच्या दहा गटांना दिली गेली. तिथे प्रदेशांचा संबंध नाही.

टप्पा २: नावे देवनागरीत उतरवा, पण जोडी तुटू देऊ नका

मराठीत काम करणाऱ्यांनी या टप्प्यावर सगळ्यांत जास्त थांबायला हवे. आपण ग्रीक नावे इंग्रजीच्या उच्चाराने घेतो. इंग्रजीत एकच अक्षर कधी 'स' तर कधी 'क' होते आणि त्यात नाते हरवते.

'फोसिस' या प्रदेशाला 'फोकस'चे नाव मिळाले असे लिहिले तर वाचकाला त्यात काहीच दिसत नाही. 'फोकिस' आणि 'फोकोस' लिहा, लगेच दिसते. 'सिलिशिया'पेक्षा 'किलिकिया', कारण मूळपुरुष किलिक्स. 'लिशिया'पेक्षा 'लिकिया', कारण मूळपुरुष लिकोस. लेखकांची आणि फार रुळलेली नावे (हिरोडोटस, अथेन्स, झ्यूस) आहेत तशी राहू द्या. बदल फक्त जोडीतल्या नावांना करायचा, आणि तोही दोन्ही बाजूंना सारखा.

यंत्राने केलेले भाषांतर या ठिकाणी फार घात करते. इऑन या राजपुत्राचा तिथे रसायनशास्त्रातला 'आयन' होऊन बसतो आणि कार या मूळपुरुषाची मोटार होते. यंत्राचा मसुदा वापरायचाच असेल तर विशेषनामे आधी हाताने देवनागरीत लिहून घ्या.

*तपासणी:* प्रदेश आणि व्यक्ती ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून मोठ्याने वाचा. कानाला नाते लागले नाही तर लेखन दुरुस्त करा.

टप्पा ३: सर्वांत जुना उल्लेख शोधा: माणसाचा की नुसत्या जागेचा?

इलियडमध्ये लाकेडायमॉन आहे, पण ते ठिकाण म्हणून. मेनेलाउसच्या राज्याच्या वर्णनात. आर्काडियाही आहे, आर्कास नाही. 'इआओनेस' (आयोनियन) लोक एकदा येतात, इऑन कुठेच नाही. उलट ट्रॉयच्या बाबतीत माणसेच आहेत: विसाव्या सर्गात ट्रॉयचा वीर ईनिअस आपली वंशावळ सांगतो, डार्डानस, त्याचा मुलगा एरिख्थोनिअस, त्याचा ट्रॉस, त्याचा इलोस. डार्डानिया, ट्रॉय आणि इलिऑन ही तिन्ही नावे त्या एका कुळात आहेत.

पेलॉप्सची गोष्ट या दोहोंच्या मधली. इलियडमध्ये तो आहे. झ्यूसकडून हर्मिसमार्फत आलेला राजदंड त्याच्या हातातून पुढे अगामेम्नॉनपर्यंत पोचतो. पण 'पेलोपोनेसॉस', म्हणजे 'पेलॉप्सचे बेट', हा शब्द इलियडमध्ये नाही. तो होमरच्या नावावर असलेल्या अपोलो देवाच्या स्तोत्रात भेटतो. (ते बेटही नाही. कॉरिंथजवळ सुमारे ६ किलोमीटर रुंदीच्या पट्टीने ते मुख्य भूमीला जोडलेले आहे.)

हा फरक वहीत नोंदवलाच पाहिजे. ठिकाण जुने आणि माणूस नंतरच्या ग्रंथात, असे दिसले की माणूस नावावरून तयार झाला असण्याची शक्यता वाढते. शक्यता वाढते, एवढेच. जुने ग्रंथ पुष्कळ हरवले आहेत, तेव्हा "इलियडमध्ये नाही म्हणजे तेव्हा ही कथाच नव्हती" असे लिहू नका.

टप्पा ४: प्रत्येक ग्रंथाची वंशावळ वेगळी काढा

तयार वंशवृक्षाचे चित्र इथपर्यंत उघडू नका. त्या चित्रांत पाच ग्रंथांची माहिती एकत्र शिवलेली असते आणि शिवण दिसत नाही.

वर लाकेडायमॉनच्या कुळात लेलेक्स, मिलेस, युरोटास असा क्रम आला. अपोलोडोरसमध्ये मिलेस नाहीच. युरोटास थेट लेलेक्सचा मुलगा, आई क्लेओखारेया नावाची जलदेवता. दोन्ही एकाच चित्रात घातले तर एक पिढी कधी वाढते, कधी गळते, आणि पुढचे सगळे हिशेब बिघडतात.

फोइनिक्सचे तर नातेच बदलते. अपोलोडोरसमध्ये तो युरोपाचा भाऊ. युरोपाला झ्यूसने पळवल्यावर बाप आगेनॉर मुलांना बजावतो, तिला घेतल्याशिवाय परत येऊ नका. ती काही सापडत नाही. फोइनिक्स राहतो तो प्रदेश फिनिशिया, किलिक्स राहतो तो किलिकिया, आणि त्यांच्याबरोबर निघालेला थासोस ज्या बेटावर वस्ती करतो ते थासोस. पण इलियडच्या चौदाव्या सर्गात युरोपा फोइनिक्सची मुलगी आहे. भाऊ की बाप, हे "अपोलोडोरसनुसार" किंवा "इलियडनुसार" असे म्हटल्याशिवाय सांगताच येत नाही.

*तपासणी:* वहीत एका व्यक्तीसाठी जितके ग्रंथ तितक्या ओळी आहेत ना? एकाच ओळीत दोन ग्रंथ कोंबलेले दिसले तर ती ओळ फोडा.

टप्पा ५: एकाच नावाचे दोघे, आणि एकाच जागेचे दोन दावेदार

अर्गोस नावाचे निदान तिघे आहेत. झ्यूस आणि निओबे यांचा मुलगा, ज्याच्यावरून शहराला नाव मिळाले. अंगभर डोळे असलेला पहारेकरी. आणि अर्गो जहाज बांधणारा. वहीत नुसते 'अर्गोस' लिहू नका, आईबापांसह लिहा.

फोकिसची तऱ्हा वेगळी. तिथे फोकोस दोन आणि दोघेही खरे दावेदार. पाउसानियास दहाव्या खंडाच्या सुरुवातीलाच सांगतो: टिथोरेया आणि डेल्फीच्या आसपासच्या भागाला आधी ऑर्निटिऑनचा मुलगा फोकोस याच्यावरून नाव मिळाले, तो कॉरिंथचा. पुढे एजिना बेटावरची माणसे आयाकोसचा मुलगा फोकोस याच्याबरोबर आली आणि तेच नाव सबंध प्रदेशाला लागले. इथे एकाला गाळणे म्हणजे मूळ लेखकाने जपून ठेवलेली गोष्ट पुसून टाकणे.

जुन्या नावांचाही असाच बंदोबस्त करा. एजिना आधी ओइनोने होती, अ‍ॅटिका आधी अक्टाइया होती, ही कथेतली माहिती आहे. तिला "प्राचीन काळी या प्रदेशाचे नाव अमुक होते" असे इतिहासाचे रूप देऊ नका. क्वचित बाहेरचा पुरावा मिळतो. लिकियाच्या लोकांना आधी टर्मिलाई म्हणत आणि अथेन्सहून आलेल्या पांडिऑनच्या मुलावरून, लिकोसवरून, ते लिकियन झाले, असे हिरोडोटस सांगतो. लिकियन लोकांच्या स्वतःच्या शिलालेखांत त्यांनी स्वतःला 'त्र्म्मिलि' म्हटलेले आहे. म्हणजे जुने नाव पक्के. लिकोसची कथा मात्र त्याने सिद्ध होत नाही. नेमकी इथेच घसरायला होते.

टप्पा ६: ही वंशावळ कुणाच्या कामाची होती?

मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो, आणि तोच बहुतेकजण गाळतात. मूळपुरुष हे ग्रीकांच्या व्यवहारातले चलन होते. त्यावर मैत्री जुळायची, मदत मिळायची, माणसाला आत घेतले जायचे किंवा बाहेर ठेवले जायचे.

मॅकेडॉन पाहा. हेसिअडच्या नावावरच्या यादीत तो झ्यूस आणि थिइआ यांचा मुलगा आहे. थिइआ ही ड्यूकेलिअनची मुलगी, म्हणजे हेलेनची बहीण. हेलेन हा साऱ्या ग्रीकांचा मूळपुरुष (ट्रॉयची हेलन निराळी). मॅकेडॉन त्याचा भाचा ठरतो: नात्यातला, पण कुळातला नव्हे. इ.स.पू. पाचव्या शतकातला लेखक हेलानिकोस त्याला आयोलोसचा मुलगा करतो. आयोलोस हेलेनचा मुलगा. एका पिढीची जागा बदलली आणि मॅकेडोनियाचे लोक भाच्याच्या शाखेतून थेट घरात आले. ते ग्रीक की नाहीत हा वाद त्या काळी चालूच होता. इथे आणखी एक घोटाळा टाळा: मॅकेडोनियाचे राजघराणे स्वतःला अर्गोसहून आलेले, हेराक्लिसच्या वंशातले म्हणवत असे. ती राजघराण्याची वंशावळ आहे, लोकांची नाही.

इऑनचेही तसेच. प्रचलित वंशावळीत हेलेनचे तीन मुलगे: डोरोस, क्सुथोस, आयोलोस; इऑन आणि अखाइओस हे क्सुथोसचे मुलगे. युरिपिडीजच्या नाटकात इऑन अपोलोचा मुलगा होतो, आई अथेन्सची राजकन्या क्रेउसा. क्सुथोस नावापुरता बाप. आणि डोरोस, जो एरवी क्सुथोसचा भाऊ, तो क्रेउसाच्या पोटी इऑनचा धाकटा भाऊ म्हणून जन्मणार असे भाकीत येते. डोरिअन, म्हणजे डोरोसचे वंशज म्हणवणाऱ्या, स्पार्टाशी अथेन्सचे दीर्घ युद्ध चालू असतानाच्या काळातले हे नाटक आहे.

या व्यवहाराचा पुरावा ग्रंथांत आहे, तसा दगडावरही आहे. हिरोडोटस सांगतो की कारिया प्रदेशातल्या मिलासा इथल्या झ्यूसच्या जुन्या मंदिरात कारियन लोकांबरोबर लिडियन आणि मिसियन लोकांनाही प्रवेश होता, कारण कार, लिडोस आणि मिसोस हे भाऊ. कारियन भाषा बोलणाऱ्या इतर लोकांना मात्र तिथे वाव नव्हता. आणि लिकियातल्या लेटोऑन इथे सापडलेल्या शिलालेखात, इ.स.पू. २०६-२०५ च्या, डोरिसमधल्या किटेनिऑन गावाचे दूत क्सांथोस शहराकडे येतात. भूकंपाने आणि युद्धाने त्यांचा तट पडला आहे. तो बांधायला पैसे हवेत. ते देवांचे, डोरोस-आयोलोसच्या वंशजांचे नाते पिढ्यांनिशी उलगडून दाखवतात. क्सांथोसचे लोक नाते मान्य करतात, तिजोरीत काही नाही असे सांगतात, आणि कर्ज काढून ५०० द्राख्मा (चांदीची नाणी) देतात.

*तपासणी:* प्रत्येक वंशावळीपुढे एक प्रश्न लिहा: हे खरे धरले तर कोण कोणाचा नातेवाईक ठरतो? उत्तर एका ओळीत मावले पाहिजे. कॉरिंथोस झ्यूसचा मुलगा होता हे कॉरिंथच्या बहुतेक लोकांखेरीज कुणी गंभीरपणे म्हटल्याचे आपल्याला माहीत नाही, असे पाउसानियास लिहितो. त्यालाही हा प्रश्न पडला होता.

टप्पा ७: शब्दाची व्युत्पत्ती, शेवटी आणि वेगळ्या परिच्छेदात

अपोलोडोरस म्हणतो, आयगिप्टोसने मेलाम्पोडांचा ('काळ्या पायांच्या' लोकांचा) देश जिंकून त्याला इजिप्त नाव दिले. भाषाशास्त्र म्हणते, हे नाव मेम्फिसमधल्या प्ताह देवाच्या मंदिराच्या 'हुत-का-प्ताह' या नावावरून आले. दोन्ही लिहा, पण एका वाक्यात नाही. दुसऱ्याने पहिले 'खोटे पडते' असेही म्हणू नका. कथा काय सांगते आणि शब्द कुठून आला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

इऑनच्या नावाचा धागा तर आपल्या दारापर्यंत येतो. क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या प्राचीन मातीच्या पाट्यांवर 'इ-जा-वो-ने' हा शब्द आहे. त्याच लोकनामाचे प्राचीन फारसीत 'यौन' झाले आणि आपल्याकडे 'यवन'. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. आणि महाभारताच्या आदिपर्वात यदूपासून यादव, तुर्वसूपासून यवन झाले असे सांगितले आहे. म्हणजे ग्रीकांनी ज्या नावासाठी इऑन दिला, त्याच नावासाठी आपल्या परंपरेने तुर्वसू दिला. मराठी वाचकाला मूळपुरुषाची कल्पना समजावताना हे उदाहरण जरूर वापरा; अंग, वंग, कलिंग ही बळीची मुले आपल्याला ठाऊक असतातच. पण तुलना व्युत्पत्तीच्या परिच्छेदात ठेवा, कथेत मिसळू नका.

टप्पा ८: नोंद लिहिणे

क्रियापद निवडताना जपा. 'स्थापन केले', 'वसवले', 'जिंकले', 'वारशाने मिळाले' आणि 'नाव दिले' ही पाच वेगळी क्रियापदे आहेत. मूळ उताऱ्यात जे आहे तेच घ्या. प्रत्येक नात्यापुढे सांगणाऱ्याचे नाव ठेवा, त्याने वाक्य थोडे जड झाले तरी चालेल. स्त्रियांना गाळू नका. 'मूळपुरुष' या शब्दामुळे ते नकळत होते.

मेसेनियाची नोंद नमुना म्हणून देतो:

"मेसेनिया. पाउसानियासच्या (खंड ४, प्रकरण १, इ.स. दुसरे शतक) म्हणण्याप्रमाणे लेलेक्सचा धाकटा मुलगा पॉलिकाऑन याला वडिलांचे राज्य मिळाले नाही. त्याची बायको मेसेने, अर्गोसच्या ट्रिओपासची मुलगी, मानी होती; नवऱ्याने सामान्य माणूस म्हणून जगावे हे तिला पटेना. दोघांनी अर्गोस आणि लाकेडायमॉनहून माणसे जमवून हा प्रदेश घेतला आणि त्याला तिचे नाव दिले. इ.स.पू. ३६९ च्या सुमारास थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याने मेसेनियन लोकांना स्पार्टाच्या ताब्यातून सोडवून मेसेने शहर वसवले. तेव्हा त्यांनी आपल्या वीरांना परत येऊन सोबत राहण्यासाठी आवाहन केले, आणि त्यांत पहिले नाव ट्रिओपासची मुलगी मेसेने हिचे होते. पाउसानियासच्या काळी शहरात तिचे देऊळ होते, आत सोन्याची आणि पारोसच्या संगमरवराची मूर्ती."

एवढ्या नोंदीत प्रदेश कुणी घेतला, नाव कुणाचे, शहर कुणी आणि कधी वसवले, आणि त्या बाईची आठवण लोकांना केव्हा लागली, हे चारही वेगवेगळे राहिले आहे. तुमची नोंद झाली की तिच्यातल्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने ग्रंथाचे नाव लिहून पाहा. ज्या वाक्याखाली लिहिता येणार नाही, ते काढून टाका.